सात आटे

ताई घर विकते आहे, हे आटेमास्तरांना लॉन्ड्रीवाल्याच्या तोंडून कळलं. सख्खी बहीण, राहते वर टेकडीवर, चालत वीस मिनिटांच्या अंतरावर, आणि बातमी यायची ती इस्त्रीच्या दुकानातून.

पाणी सोडायचा दिवस होता. सकाळचे सहा वाजले होते. तिठ्यावरच्या चेंबरचं लोखंडी झाकण बाजूला सारून मास्तरांनी लांब दांड्याची चावी खाली सोडली होती आणि वरची आडवी मूठ दोन्ही हातांनी धरून ते फिरवत होते. समोर लॉन्ड्रीवाला दुकानाच्या पायरीवर स्टूल टाकून बसला होता. पाण्याच्या दर दिवशी तो तिथे बसायचा आणि मोजायचा.

"पाच, सहा, सात," लॉन्ड्रीवाला म्हणाला. "झाले."

"झाले," म्हणत मास्तरांनी चावी वर ओढली.

"परवा गिऱ्हाईक येतंय म्हणे, दहा वाजता."

"कसलं गिऱ्हाईक?"

"तुमच्या ताईंच्या घराला. मुलाकडे जाणार ना त्या आता? माझ्या साडूच्याच ओळखीतला माणूस आहे." मग मास्तरांचा चेहरा बघून म्हणाला, "तुम्हाला ठाऊक असेलच की."

"आहे ठाऊक," मास्तर म्हणाले. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ते त्यांना नीट जमलं नाही. लॉन्ड्रीवाल्याने दुसरीकडे बघितलं, एवढी रीत त्याच्याकडे होती.

शहर तसं मध्यम. ओळखीचा माणूस रोज भेटणार नाही इतकं मोठं, आणि भांडण लपणार नाही इतकं लहान. पाणी येतं ते दूरच्या धरणातून, आजोबांच्या वेळच्या नळांमधून. धरणातून चार बादल्या निघाल्या तर वाटेत एक जमिनीतच जिरते, बाकीच्या तिघींत शहराने भागवायचं. त्यात दर वर्षी नव्या इमारती उठतात आणि प्रत्येक इमारत आपली तहान घेऊनच जन्माला येते. म्हणून पाणी एक दिवसाआड, सकाळी दोन तास. ते कुणाला किती जायचं हे रस्त्याखालच्या व्हॉल्व्हवर ठरतं आणि व्हॉल्व्ह चावीवाल्याच्या हातात असतो. चावी एकदा पूर्ण गोल फिरली की एक आटा. जितके आटे उघडाल तितकं पाणी.

मास्तर चौतीस वर्षं चावीवाले होते. कुठल्या चौकातल्या व्हॉल्व्हला किती आटे, हे त्यांना नातेवाइकांच्या वयांपेक्षा पक्कं पाठ होतं. त्यावरूनच लोकांनी त्यांना आटेमास्तर केलं होतं. खरं नाव पगारपत्रकात आणि बायकोच्या रागात, एवढ्या दोनच ठिकाणी उरलं होतं.

तिठ्यावर दोन व्हॉल्व्ह होते. एक खालच्या पेठेचा, एक टेकडीचा. मास्तर स्वतः पेठेत राहत, ताई टेकडीवर. अकरा वर्षांपूर्वी पेठेत कुजबुज सुरू झाली की मास्तर बहिणीसाठी टेकडीला जास्त पाणी सोडतात. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसा, असं लॉन्ड्रीवाला दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. मग तक्रार गेली, साहेब आले, दोन्हीकडची माणसं तिठ्यावर जमली. टेकडीच्या व्हॉल्व्हला एकूण चौदा आटे. सगळ्यांदेखत मोजले. ठरलं की निम्मे उघडायचे. कागद झाला, सह्या झाल्या. त्या दिवसापासून सात म्हणजे सात. पहिल्यांदा लॉन्ड्रीवाला खात्री करायला पायरीवर बसला, आणि मग त्याला ती सवयच लागली.

मास्तरांनाही एक सवय लागली. त्यांनी ताईकडे पाणी पिणं सोडलं. तिच्याकडे जायचे, बसायचे, पण स्वतःची बाटली घेऊन. उद्या कुणी म्हणायला नको की बहिणीच्या घरी पाहुणचार घेतो. बहिणीच्या नळाला एक आटा जास्त दिला नाही, हे ते लोकांना सांगत. सांगताना मान जरा ताठ व्हायची.

त्या दिवशी दुपारी ते बाटली घेऊन टेकडी चढले.

ताईच्या घरात शिरायचं म्हणजे आडवं व्हायला लागायचं. व्हरांड्यात पाच निळी पिंपं, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दोन-दोन बाटल्या, न्हाणीघरात बादल्यांची उतरंड. कपड्यांचं दुसरं पाणी फरशीला, फरशीचं संडासाला, अशी एकेका तांब्याची तीन-तीन लग्नं लागायची. ताई खुर्चीत गुडघ्याला पट्टा बांधून बसली होती. तिला अडुसष्टावं वर्ष चालू होतं.

"घर विकतेस, आणि मला लॉन्ड्रीवाल्याकडून कळतं?" मास्तर म्हणाले.

"पाण्याचं नऊ वर्षं मी स्वतः सांगतेय. ते तरी कुठे कळलं तुला?"

"गुडघ्याला काय झालं?"

"वळणावरच्या नळाला गेले होते. बहात्तर पायऱ्या. येताना एकाहत्तर नीट चढले."

"आणि हे मला कळवायचं नाही?"

"तुला कळवून काय, धाकट्या? तू म्हणणार धरणात पाणी नाही, शहर वाढलंय. हे तर रेडिओवालाही सांगतो. त्याला मी भाऊ म्हणत नाही."

मास्तरांनी पिंपांकडे बघितलं. मग म्हणाले, "खरंच कमी आहे गं पाणी."

"कमी आहे ना? मग तुमच्या पेठेत गाड्या नळी लावून धुतात त्या कशाने, थुंकीने? वरच्या टाक्या वाहतात, पन्हळीतून पाणी पडतं. इथून दिसतं मला. इकडे करंगळीएवढी धार, ती चाळीस मिनिटं. मग नळ नुसता फुसफुसतो, म्हाताऱ्या मांजरासारखा."

"मी एक आटा वाढवला तर लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, आटेमास्तराची बहीण आंघोळ करते."

तिला स्वतःलाच हसू आलं, आणि मग ओसरलं. "परवा माणूस येतोय. त्याला विहीर खणायची ताकद आहे, माझ्यात बादली उचलायची नाही. मुलगा दहा वर्षं बोलावतोय. त्याच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीतून दुसऱ्याचा तिसरा मजला दिसतो. पण नळ उघडला की पाणी येतं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. चाळीस वर्षं ती त्या खिडकीतून बघत आली होती. "तुझे आटे मोजता मोजता माझं पाणी आटलं बघ. चहा टाकते म्हटलं असतं, पण तू बाटली आणलीच असशील."

बाटली पिशवीत होती. ती बाहेर काढण्याचं धैर्य मास्तरांना झालं नाही. तहान लागलेली असतानाच ते टेकडी उतरले.

दुसऱ्या दिवशी पाणी सोडायचं नव्हतं. भर दुपारी मॅडमनी त्यांना तिठ्यावर बोलावलं.

मॅडम म्हणजे खात्यात तीन महिन्यांपूर्वी आलेल्या इंजिनिअर. बोलायच्या कमी, लिहायच्या फार. आल्या आल्या त्यांनी टेकडीवर घरोघरी नळाला घड्याळं लावली होती. चावीवाले प्रेशरच्या मापाला घड्याळच म्हणतात. घड्याळाचा काटा बसल्या जागेवरून उठायलाच तयार नव्हता. तेव्हा मॅडम म्हणाल्या, वाटेत कुठेतरी गळती असणार. कुठेतरी पाणी मुरतंय हे लोक राजकारणाबद्दल म्हणतात, मॅडम ते शब्दशः म्हणत होत्या. त्यांनी दोन ठिकाणी रस्ता खणून घेतला. दोन्ही खड्डे कोरडे निघाले. त्यावर लांब्या फिटर म्हणाला होता, "मॅडम, तिसरा खणू नका. तेल लागलं तर आपल्याला सोडायला कुणी सांगणार नाही."

तोच लांब्या आता चेंबरच्या काठावर पाय सोडून बसला होता. लॉन्ड्री दुपारची बंद होती. मॅडमच्या हातात एक जुनी फाइल होती, कडा उंदरांनी कुरतडलेली.

"मास्तर, टेकडीचा व्हॉल्व्ह किती उघडता?"

"सात." हा काय प्रश्न झाला, असा त्यांचा सूर होता. पेठेतलं पोरसुद्धा सांगेल.

"कितीपैकी?"

"चौदापैकी."

"मोजले होते?"

"मॅडम, सगळ्यांदेखत मोजलेत. तुमच्या त्याच फाइलमध्ये असेल."

मॅडमनी कागद काढला. "यात सात लिहिलेलं नाही. चौदाही नाही. लिहिलंय, 'टेकडीचा व्हॉल्व्ह निम्मा उघडावा.' एवढंच."

"चौदाचे निम्मे सात. त्याला इंजिनिअर कशाला लागतो?"

लांब्याने खोकल्याचं निमित्त केलं. मॅडम रागावल्या नाहीत. "एकदा पूर्ण उघडून दाखवाल? लाइन रिकामीच आहे. कुणाला कमी-जास्त होणार नाही."

मास्तरांनी चावी खाली सोडली, चौकोनी डोक्यावर बसवली आणि फिरवायला घेतली. सातापर्यंत हात आपोआप गेला. सातवर थांबायची सवय इतकी मुरलेली की आठवा आटा फिरवताना त्यांना उगाचच चोरी करतोय असं वाटलं, आणि त्यांनी बंद लॉन्ड्रीकडे एक नजर टाकली. नऊ, दहा. बारा, तेरा. चौदाव्याला ते थांबायच्या तयारीत होते. तळाला, म्हणजे आट्यांच्या शेवटाला, व्हॉल्व्ह अडला की मनगटाला ठोका बसतो. तो ठोका त्यांना चांगला माहीत होता.

ठोका बसला नाही. चावी पुढे गेली.

"पंधरा," लांब्या म्हणाला.

सोळा, सतरा. वीस. पंचवीसला लांब्याने मोजणं बंद केलं, पण मास्तरांच्या डोक्यात मोजणी चालूच होती, ती त्यांना बंद करता येत नव्हती. तेहेतिसाव्याला मनगटाला ठोका बसला.

रस्त्यावरून एक सायकल गेली.

मॅडम गुडघ्यावर बसून चेंबरमध्ये बॅटरी मारत होत्या. "हा जुना व्हॉल्व्ह नाही, मास्तर. दुसऱ्या कंपनीचा आहे. याचे आटे बारीक आहेत, म्हणून जास्त लागतात. कधी बदलला?"

तेव्हा मास्तरांना सगळं आठवलं. नऊ वर्षांपूर्वी रस्ता रुंद केला होता. तिठा सगळा उकरला होता. त्या महिन्यात ते धरणावरच्या पंपघरात बदली ड्युटीला होते. परत आले तेव्हा चेंबर नवं, झाकण नवं. कुणीतरी म्हणालं होतं की व्हॉल्व्हही नवा टाकलाय. पहिल्या सकाळी चावी फिरवली तर लोण्यासारखी हलकी फिरली. जुना व्हॉल्व्ह घाम काढायचा. तेव्हा मास्तर खूश झाले होते. म्हणाले होते, नवं ते नवं.

बारीक आट्याची चावी हलकी जाते, हे त्यांना नऊ वर्षांपूर्वीही माहीत होतं. दुसऱ्या कुठल्याही चौकात असं झालं असतं तर त्यांनी आधी तळापर्यंत जाऊन एकूण मोजले असते. पण हा बहिणीचा व्हॉल्व्ह. इथे सातच्या पुढे हात न्यायचा नाही, अशी शपथच घेतल्यासारखं होतं. बंदपासून सात उघडायचे, सात फिरवून बंद करायचे. मधल्या सगळ्या वर्षांत पुढे काय आहे ते बघायची वेळच आली नाही. हात सांगत होता, आणि मास्तर आपल्या सचोटीचं ऐकत होते. काखेत कळसा म्हणतात तो असा, आणि वळसा घालायला दोन खड्डे.

"निम्मे म्हणजे साडेसोळा," मॅडम म्हणाल्या. "सात म्हणजे पाचवा हिस्सा, त्याच्या आसपास. वर धार येणार तरी कुठून?" मग जरा थांबून आवाज उतरवून म्हणाल्या, "मी असं लिहिते की व्हॉल्व्ह दुरुस्त केला. उद्यापासून साडेसोळा. तुम्ही चार महिन्यांत रिटायर होताय. यात तुमचं नाव यायचं काही कारण नाही."

"दुरुस्त काय केला? बिघडला कुठे होता?"

"काहीतरी लिहावं लागतंच."

मास्तर काही साधू नव्हते. त्यांना ते पटलं. घरी जाईपर्यंत पूर्ण पटलेलं होतं. निरोप समारंभाला साहेब उठून त्यांच्या सचोटीबद्दल दोन शब्द बोलणार, हे ठरल्यातच जमा होतं. ते दोन शब्द त्यांनी मनातल्या मनात कितीदा ऐकून ठेवले होते. त्यांना धक्का न लावता ताईला पाणी मिळत होतं. यापेक्षा चांगलं काय?

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती नळाखालचं पातेलं घासत होती. त्यांच्या नळाला चांगलं जोरदार पाणी असायचं, टाकी कायम भरलेली.

"मॅडम चांगल्या आहेत," ती म्हणाली. "खातं सांभाळून घेईल. पण उद्या लॉन्ड्रीवाला आठ म्हणेल तेव्हा काय सांगणार?"

"सांगीन, व्हॉल्व्ह दुरुस्त केला."

"आणि तो म्हणेल, बहीण घर विकायला निघाली आणि नेमका दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह दुरुस्त झाला." तिने पातेलं पालथं घातलं. "ते जाऊ दे. ताईंना तुम्ही सांगताय, की मी जाऊन सांगू?"

ऊन उतरल्यावर मास्तर परत टेकडी चढले. या वेळी बाटली घेतली नाही.

ताई पिंपातलं पाणी फडक्यातून गाळत होती. त्यांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. चौदा, तेहेतीस, सात, रस्ता रुंद झाला ते साल. कमी शब्दांत सांगितलं, पण काही गाळलं नाही. चावी हलकी लागली होती, हेसुद्धा सांगितलं.

ताईने फडकं पिळलं आणि दोरीवर टाकलं. बराच वेळ ती ते सरळ करत राहिली.

"नऊ वर्षं," ती म्हणाली.

"हो."

"यांचं आजारपण त्याच नऊ वर्षांत झालं. रोज चादरी धुवायच्या होत्या."

मास्तरांना ते आठवत होतं. मेहुण्यांच्या अखेरच्या महिन्यांत ते रोज इथे येऊन बसत होते, बाटली घेऊन.

"मला वाटायचं, माझ्या भावाला पाझर फुटत नाही," ताई म्हणाली. "पण निदान तो बरोबर आहे, असंही वाटायचं. लोकांनी नावं ठेवली की मी भांडायचे. म्हणायचे, तो एक आटाही इकडचा तिकडे करणार नाही. हे मी तुझ्या कौतुकाने सांगायचे रे."

"ताई..."

"तू कधी पाण्याच्या वेळेला वर येऊन या नळाखाली हात धरलास?"

"पाण्याच्या वेळेला मी खाली चावीवर असतो."

"अकरा वर्षांत एक दिवस रजा घेतली नाहीस?"

रजा त्यांनी घेतली होती, बऱ्याचदा. पण त्या दिवशी टेकडीकडे फिरकायचं नाही, कुणी काही बोलेल, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

ताईने पेला भरला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. "पी. बघ तरी कशाला भीत होतास."

मास्तर पाणी प्यायले. पिंपातलं पाणी, प्लॅस्टिकचा वास येणारं, कोमट. पेला त्यांनी रिकामा केला.

"उद्या माणूस येणारच आहे," ती म्हणाली. "मी त्याला शब्द दिलाय दाखवायचा. दाखवीन. पुढचं पुढे."

सकाळी सहाला लॉन्ड्रीवाला पायरीवर होता. मॅडमही आल्या होत्या, फाइल घेऊन, जरा बाजूला उभ्या. चावी खाली गेली. लॉन्ड्रीवाल्याने सातपर्यंत मोजलं आणि नेहमीचं "झाले" म्हटलं. मास्तरांचे हात थांबले नाहीत.

"मास्तर, आठ झाले."

"माहीत आहे. मोजत राहा."

"नऊ. अहो, नऊ झाले." तो स्टुलावरून उठला. "दहा. काय चाललंय काय? दुधाची गाडी इकडे आण रे, बघ हे. अकरा."

दूधवाला आला. पाण्यासाठी जागी असलेली चार-दोन माणसं दारांतून बाहेर आली. मास्तर सोळाच्या पुढे अर्ध्यावर थांबले, मूठ सोडली आणि कंबर सरळ केली.

"साडेसोळा," ते म्हणाले. "या व्हॉल्व्हला एकूण तेहेतीस आटे आहेत. काल मोजले. आपलं ठरलं होतं निम्मं. मी नऊ वर्षं पाचवा हिस्साच सोडत होतो. रस्ता झाला तेव्हा व्हॉल्व्ह बदलला आणि मी नव्याने मोजलं नाही. चूक माझी."

लॉन्ड्रीवाल्याला हे पचायला वेळ लागला. "म्हणजे मी अकरा वर्षं इथे बसून मोजतोय ते..."

"पहिली दोन वर्षं बरोबर होतं."

दूधवाला हसला. लॉन्ड्रीवाला हसला नाही. "गोष्ट चांगली बसवलीत. बहिणीचं घर विकायला निघालं, आणि आज एकदम साडेसोळा. लोकांना काय कळत नाही?"

"ही घ्या चावी," मास्तर म्हणाले. "पण आत्ता फिरवलीत तर सगळ्यांना त्रास होईल, तेव्हा आठला पाणी संपलं की या. तुम्हीच फिरवा, तुम्हीच मोजा. तेहेतिसाच्या आत अडला तर मी उद्यापासून तुमच्या दुकानात इस्त्री करीन."

"आणि आमचं पाणी?"

"तुमचं निम्मं होतं, निम्मं राहील. मधली नऊ वर्षं तुम्ही टेकडीचं पीत होतात. मीही पीत होतो. मी तुमच्याच गल्लीत राहतो, माझी टाकीही वाहायची. कधी वाटलं नाही, हे येतं कुठून."

"मी तक्रार करणार."

"करा. मॅडम इथेच आहेत. माझी आधीच देऊन झालीय, माझ्याविरुद्ध."

मॅडमनी फाइल जरा वर उचलून दाखवली. तिच्यात खरंच एक कागद होता. पहाटे मास्तरांनी तो त्यांच्या दारात नेऊन दिला होता. त्यात एकही शब्द सुंदर नव्हता, पण आकडे सगळे बरोबर होते.

लॉन्ड्रीवाला आठ वाजता खरोखरच आला. मास्तरांनी व्हॉल्व्ह बंद करून दिला, आणि बाह्या सरसावून त्याने चावी धरली. विसाव्या आट्याला त्याला धाप लागली, पण सोडली नाही. तेहेतिसाव्याला मनगटाला ठोका बसला तसा तो दचकला.

"हा काय, अडला?"

"अडला नाही. संपला."

लॉन्ड्रीवाला चावीवर रेलून उभा राहिला. "सचोटीच्या माणसावर पाळत ठेवली," तो म्हणाला, "आणि आपण दोघेही एकाच आकड्यात अडकलो." मग एकदम आठवून म्हणाला, "तक्रार मी करणारच आहे पण."

"कराच," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. ताई होती.

"किती वाजता आलं?" त्यांनी विचारलं.

"सहा वाजून चार मिनिटांनी. आधी मला वाटलं न्हाणीत कुणी शिरलंय. इतका आवाज." ती थांबली. "मोठी बादली भरायला अकरा मिनिटं लागायची. आज दीड. पिंपं सगळी भरली, मग पातेलीसुद्धा भरली."

"पातेली कशाला भरलीस?"

"हात थांबेना रे. तुझा तरी आज सातवर कुठे थांबला?"

दहाला गिऱ्हाईक आलं. त्याने भिंती ठोकून बघितल्या, खिडकीतून खाली बघितलं, दारंखिडक्या उघडझाप केल्या आणि घर पसंत आहे म्हणाला. ताईने विचार करून कळवते म्हटलं. कालपर्यंत त्या घरात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

पुढचे दिवस मास्तरांना सोपे गेले नाहीत. पेठेतल्या टाक्या वाहायच्या थांबल्या, आणि त्यासाठी कुणी आभार मानत नाही. खात्याची नोटीस आली. उत्तर द्यावं लागलं. साहेब भेटले की घड्याळ बघायचे. निरोप समारंभाचं कुणी बोलेनासं झालं. मॅडमनी मात्र शहरातले सगळे व्हॉल्व्ह तळापर्यंत मोजायला काढले. मास्तर आणि लांब्या त्याच कामाला लागले. दोनशेबारापैकी नऊ असे निघाले की ज्यांच्या पाठ आकड्यांचा खालच्या लोखंडाशी काही संबंध उरला नव्हता. त्यांतले चार मास्तरांचे नव्हते, एवढाच काय तो दिलासा. प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूला आता पांढऱ्या रंगाने आकडा असतो, वर एकूण, खाली किती उघडायचे. तिठ्यावरच्या झाकणाखाली मास्तरांनी स्वतः रंगवलं, तेहेतीस, आणि त्याखाली साडेसोळा. रंग वाळेपर्यंत लॉन्ड्रीवाला राखण करत बसला.

सतरा-अठरा दिवसांनी ताईचा फोन आला.

"हातगाडी घेऊन ये," ती म्हणाली. "ही पिंपं ने. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही. माणसाने घरात किती दिवस आडवं चालायचं?"

मास्तर लगेच चपला शोधायला लागले. मग म्हणाले, "पाचही नेऊ?"

"तीन ने. दोन ठेवते," ताई म्हणाली. "तू साडेतीन महिन्यांनी घरी बसणार. पुढच्याला मोजता येतं की नाही, ते आधी बघू दे मला."